टेक्सासहून न्यू मेक्सिकोला: एकोणिसाव्या आठवड्यातल्या गर्भपाताचा माझा अनुभव

आम्ही डॅलसजवळ राहतो. गेल्या वर्षी ॲनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघणाऱ्या सोनोग्राफीत कळलं, की बाळाच्या दोन्ही किडन्या तयारच झालेल्या नाहीत. किडन्या नाहीत म्हणून गर्भजल नाही आणि गर्भजल नसलं की फुप्फुसं वाढत नाहीत. जन्मलं तरी बाळ फार काळ जगणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग आता काय करता येईल, असं मी विचारलं, तेव्हा मात्र त्या गप्प झाल्या.

मला त्यांचा भयंकर राग आला होता. मग मी कायदा वाचला. 2022 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा 1973 चा रो निकाल रद्द केला आणि 25 ऑगस्टपासून टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, वर किमान एक लाख डॉलर दंड. आईच्या जिवावर बेतलं तर सूट आहे. बाळ जगणार नाही, या कारणाला सूट नाही. बलात्कारालाही नाही.

साताऱ्याहून आई विचारायची, "अगं, डॉक्टरच सांगतायत ना बाळ वाचणार नाही, मग अडलंय कुठे?" तिला ते पटेना, आणि का पटावं? भारतात वीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताला एका डॉक्टरचं मत पुरतं. गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाच्या संमतीने 24 आठवड्यांनंतरही करता येतं. पण त्या अवस्थेत एवढा विमानप्रवास माझ्याने झाला नसता.

टेक्सासला लागून चार राज्यं आहेत. ओक्लाहोमा, आर्कान्सा, लुइझियाना, तिन्हीकडे बंदी. उरलं न्यू मेक्सिको. तिथे आठवड्यांची मर्यादा नाही, गर्भपाताआधी सक्तीने काही काळ थांबायची अटही नाही. टेक्सासच्या बायकांची तिथे गर्दी असते, म्हणून आधी क्लिनिकची तारीख घ्या, तिकिटं आणि हॉटेल नंतर. रिपोर्ट आणि स्कॅनच्या प्रती लगेच मागून ठेवा. तो आपला हक्क आहे, कारण सांगावं लागत नाही.

नवऱ्याला भीती होती ती रस्त्याची. गर्भपातासाठी आपल्या हद्दीतून कुणाला नेणाऱ्यावर दावा लावता येईल, असे ठराव टेक्सासमधल्या लबकसारख्या काही काउंट्यांनी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या भागांनी) केले आहेत. आमच्या वाटेवरच्या अमारिलोमध्ये मात्र मतदारांनी 2024 च्या नोव्हेंबरमध्ये असा प्रस्ताव फेटाळला. गर्भवतीला स्वतःला टेक्सासचा कायदा शिक्षा करत नाही, आणि दुसऱ्या राज्यात जाऊन उपचार घेणं हा गुन्हा नाही. घाबरलेल्या प्रत्येकीला हे आधी सांगायला हवं.

न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातल्या डॉक्टर समोर बसल्या आणि सगळे पर्याय त्यांनी उलगडून सांगितले. गरोदरपण पूर्ण करून, जन्मलेल्या बाळाला वेदना होऊ नयेत एवढंच बघायचं, हासुद्धा एक पर्याय होता. तोही मला टेक्सासमध्ये कुणी नीट सांगितला नव्हता. मी ढसाढसा रडले. निर्णय बदलला नाही, पण तो माझा झाला.

इतक्या आठवड्यांना दोन दिवस लागतात: पहिल्या दिवशी गर्भाशयाचं तोंड हळूहळू उघडायला कांड्या ठेवतात, दुसऱ्या दिवशी प्रक्रिया. मुक्कामाची तयारी ठेवा. नंतर दूध येऊ शकतं, हे तिथल्या नर्सने आधीच सांगितलं, म्हणून मी सावरले. घट्ट ब्रा आणि थंड शेक, पिळून काढायचं नाही.

परत आल्यावरची तपासणी टेक्सासमध्ये बिनदिक्कत होते. इन्शुरन्सचं तेवढं आधी विचारून घ्या. टेक्सासच्या नियमांतल्या विम्यात गर्भपात सहसा धरत नाहीत, पण मोठ्या कंपन्यांचे स्वतःच्या पैशातून चालवलेले प्लॅन त्या नियमात येत नाहीत. नवऱ्याच्या कंपनीचा तसा होता, म्हणून आमचं बिल भागलं.