चालू होता, तुम्ही बंद पाडलात

पुढच्या महिन्यात त्या साखर कारखान्यावर परत जायचंय. तिथले तिन्ही सर्व्हर आता प्रॉक्समॉक्स नावाच्या दुसऱ्या प्रणालीवर न्यायचेत. काम ठरल्यापासून २०२२ च्या जूनमधला तो शनिवार सारखा डोक्यात घोळतोय, म्हणून एकदा लिहून काढतो.

आधी बाहेरच्यांसाठी थोडं. एका दणकट सर्व्हरवर व्हीएमवेअर कंपनीची ईएसएक्सआय नावाची प्रणाली टाकली की त्याच्या पोटात दहा-पंधरा संगणक वेगवेगळे चालवता येतात. त्या दणकट सर्व्हरला होस्ट म्हणायचं आणि पोटातल्यांना व्हीएम. कारखान्यात असे तीन होस्ट होते, तिन्ही ईएसएक्सआयच्या ६.७ आवृत्तीवर. ६.७ चा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपणार होता, त्यामुळे हंगामाआधी ७.० वर जाणं भाग होतं. ७.० अपडेट ३ ची पहिली आवृत्ती कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतली होती. जानेवारीत दुरुस्त होऊन आलेली आवृत्ती चार-पाच महिने इतरांनी वापरून होईपर्यंत मी मुद्दाम थांबलो होतो. इतका सावध माणूस मी, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवा.

काम मे महिन्यात करायचं ठरलं होतं. पण त्या वर्षी ऊस एवढा होता की राज्यातलं गाळप जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळलं. शेवटी २५ जूनचा शनिवार धरला. मिल बंद, केन यार्ड रिकामं, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय गावी गेलेले. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर चालवणारी व्हीएम तासभर बंद ठेवली तर कोणाचं काय अडणार, असा माझा हिशेब.

हिशेब चुकला, कारण मी फक्त उसाचा विचार केला. साखर कारखान्यातून बाहेरही जाते. कोणत्या कारखान्याने महिन्यात किती साखर विकायची याचा कोटा जून २०१८ पासून केंद्र सरकार ठरवून देतं. महिना संपत आला की व्यापाऱ्यांच्या गाड्या माल उचलायला रांगेने येतात आणि प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर चढते, रिकामी आणि भरलेली. ईडीपी, म्हणजे संगणक विभागाच्या साहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही. मी तारीख विचारली नव्हती, कळवली होती. दोन्हीत फरक असतो, तो मला तेव्हा कळत नव्हता.

पहिले दोन होस्ट सुरेख झाले. व्हीसेंटर, म्हणजे सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर, आदल्या आठवड्यातच ७.० वर नेलं होतं, कारण क्रम तोच असतो, आधी व्हीसेंटर, मग होस्ट. सकाळी सातला सुरुवात केली. एक होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचा, त्याच्यावरच्या व्हीएम चालू स्थितीतच दुसऱ्यावर सरकतात, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पिंग लावून, म्हणजे व्हीएमला सतत हाका मारत बसावं, एखादी हाक चुकते आणि व्हीएम पलीकडे पोचलेली असते. इतक्या वर्षांनीही मला त्याची गंमत वाटते. बाकीचा वेळ सर्व्हर मेमरी तपासत बसतो तो. दर रिबूटला आठ-नऊ मिनिटं नुसतं काळ्या पडद्याकडे बघायचं. साडेबाराला दोन्ही होस्ट नव्या आवृत्तीवर होते आणि मी कँटीनमध्ये मिसळ खात होतो.

तिसरा होस्ट वेगळा. त्याच्यावर काट्याची व्हीएम होती आणि ती हलत नव्हती. कधीतरी सामायिक स्टोरेज भरलं म्हणून कोणीतरी ती त्याच होस्टच्या स्वतःच्या डिस्कवर बनवून ठेवलेली. वर काट्याच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही अशी यूएसबी किल्ली, सर्व्हरच्या पाठीमागे खोचून सेलोटेपने गुंडाळलेलं, त्यावर स्केचपेनने ‘काढू नये’. काटेवाल्या सॉफ्टवेअर मंडळींना २०२२ मध्येही डोंगल लागतं, यावर मी वेगळं लिहीन, आत्ता बीपी वाढवायचं नाही.

म्हणून एक वाजून वीस मिनिटांनी काट्याची व्हीएम रीतसर बंद केली, बाकीच्या सहा सरकवल्या आणि अपग्रेडआधी होस्टला एक साधा रिबूट दिला. हा आमच्या धंद्यातला जुना संस्कार. अपग्रेडआधी नुसतं बंद-चालू करून बघायचं. त्यात मेला तर दुखणं जुनं आणि अपग्रेडनंतर मेला तर आपलं. ज्या सीनियरकडे शिकलो त्यांनी हे कान पिळून शिकवलं होतं.

नऊ मिनिटं झाली. मेमरी मोजून झाली. आणि पडद्यावर एक ओळ आली, की बूट करण्यासारखं डिव्हाइस सापडलं नाही.

पुन्हा रिबूट. पुन्हा नऊ मिनिटं. तीच ओळ.

या होस्टवर ईएसएक्सआय १६ जीबीच्या एसडी कार्डावर टाकलेलं होतं. कॅमेऱ्यात असतं तसलं, नखाएवढं. एके काळी सगळेच तसं करायचे. ईएसएक्सआय सुरू होताना कार्डावरून मेमरीत चढतं आणि पुढे मेमरीतूनच चालतं, कार्डाशी फारसा संबंध उरत नाही. त्यामुळे कार्ड मेलं तरी होस्ट चालूच राहतो, महिनोन् महिने. व्हीएम चालतात, स्लिपा छापल्या जातात, पगार होतात. कळतं ते फक्त बंद करून चालू केल्यावर. मी सर्व्हर उघडला, कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपला काही लागलंय याचीसुद्धा त्याने दखल घेतली नाही.

मी हे समजावून सांगितलं. ईडीपी साहेबांना, मग अकाउंटच्या साहेबांना, मग एमडींच्या पीएला फोनवर. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. ‘पण चालू होता ना? तुम्ही बंद पाडलात.’

तोवर काट्यावर सतरा गाड्या. मी काटा क्लार्कना म्हटलं, काका, डिस्प्लेवर वजन तर दिसतंय, तासभर वहीत लिहा ना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काही अभद्र बोललो असावं. काटामारीवरून शेतकरी संघटना कारखान्यांना कशा धारेवर धरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. हाताने लिहिलेलं वजन इथे कोणी घेणार नाही आणि मी लिहिणार नाही, सही माझी असते, असं म्हणून काकांनी पंखा वाढवला आणि बाहेर ड्रायव्हरांशी बोलायला गेले. त्या दिवशी मला न दुखावता खरं बोलणारे तेवढे एकच.

नवीन कार्ड नव्हतं. मी कोटेशनमध्ये तीन होस्टसाठी एसएसडी मागितल्या होत्या, खरेदी समितीने दोन होस्टच्या मंजूर केल्या. तिसरा ‘व्यवस्थित चालू आहे’ म्हणून. शेवटी गेटबाहेरच्या मोबाइलच्या दुकानातून ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणला. त्यावर ७.० टाकायचं धाडस नव्हतं. ७.० बूट डिव्हाइसवर इतकं लिहितं की एसडी कार्ड आणि पेनड्राइव्हवरून ते नुसतं चालवण्याची पद्धत खुद्द कंपनीच मोडीत काढत होती. तेव्हा अपग्रेड करायला गेलेला मी, ६.७ च परत टाकायला बसलो.

इथे एक क्षण आहे जो अजून अंगावर येतो. इन्स्टॉलर विचारतो, कुठे टाकू? यादीत पेनड्राइव्ह आणि त्याच्या वर होस्टची मूळ डिस्क, खरं तर तीन मिळून एक दिसणारी. तिच्या नावापुढे एक बारीकशी चांदणी. तिचा अर्थ, या डिस्कवर आधीचा डेटा आहे. काट्याची व्हीएम त्या चांदणीत. बॅकअप रात्रीचा होता, आणि सकाळपासूनच्या गाड्यांची वजनं फक्त त्या डिस्कवर. बाण एक घर वर गेला आणि मी न बघता पुढे गेलो, तर संपलं. मी मागे फिरलो, सर्व्हर बंद केला, मार्करने डिस्कवर ०, १, २ लिहिलं आणि तिन्ही ट्रेमधून अर्ध्या बाहेर ओढल्या. मग पुन्हा नऊ मिनिटं. या वेळी यादीत एकच नाव होतं. त्या वेळखाऊपणाबद्दल मात्र मी स्वतःवर आजही खूश आहे.

पुढचं नेटवर्क. कार्डाबरोबर होस्टची सगळी मांडणी गेली होती. पण मी दोन आठवड्यांपूर्वी सर्व्हेला आलो तेव्हा आरव्हीटूल्स नावाच्या प्रोग्रॅमने सगळं एक्सेलमध्ये काढून ठेवलं होतं, कोणत्या स्विचला कोणतं पोर्ट, नेटवर्कचा कोणता कप्पा म्हणजे व्हीलॅन. ते बघून मांडलं. डिस्क परत लावल्या, डेटास्टोअर, म्हणजे व्हीएम ठेवायची जागा, जसंच्या तसं दिसलं, व्हीएम नोंदवली, डोंगल जोडलं, सुरू केली. आणि तिला नेटवर्कच मिळेना. काट्याचं वजन सीरियल केबलमधून एका कन्व्हर्टरमार्गे लॅनवर येतं, म्हणजे नेटवर्क नाही तर वजन नाही. पंचवीस मिनिटं केबल, स्विच, व्हीलॅन सगळं तपासलं. मग एक्सेलच्या खान्यात कर्सर टेकवला तर तो ‘काटा लॅन’च्या शेवटी नाही, एक घर पुढे लुकलुकत होता. कोणीतरी वर्षांपूर्वी नाव टाइप करताना शेवटी स्पेस दाबली होती. व्हीएम ती स्पेससकट शोधत होती. मीही स्पेस दिली.

चार वाजून पन्नास मिनिटांनी पहिली स्लिप छापली. काकांनी ती फाडली, उजेडात धरून बघितली, ड्रायव्हरला दिली. मला काही म्हणाले नाहीत.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘एसडी कार्ड निकामी, हार्डवेअर दोष, अपग्रेडशी संबंध नाही.’ प्रत्येक शब्द खरा. तिसऱ्या होस्टला महिन्याभरात एसएसडी मिळाल्या आणि तो ७.० वर गेला.

न लिहिलेलं असं. सर्व्हेच्या दिवशी व्हीसेंटरमध्ये त्या होस्टवर लाल खूण होती. बूट डिव्हाइसशी संपर्क तुटला आहे, बदल जतन होणार नाहीत, असा मजकूर. एका होस्टवर तसलीच खूण होती ती जुनी निघाली होती, तिथलं कार्ड ठणठणीत होतं. म्हणून इथेही ‘हिरवं करा’ दाबलं आणि पुढे गेलो. त्याच दुपारी एका व्हीएमवर टूल्स नावाचं पूरक सॉफ्टवेअर अपडेट करताना फाइलच सापडत नाही असा एरर आला. त्या फाइली कार्डावरच असतात. तेव्हा होस्टवर लॉगिन करून बूटबँक, म्हणजे बूटच्या फाइलींची जागा, कुठे बोट दाखवतेय एवढं बघितलं असतं, तर ती कार्डाऐवजी टेम्प या तात्पुरत्या जागेकडे बघतेय हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं. मग मी रिबूट दिलाच नसता. आधी डिस्क मागवली असती, काट्याची व्हीएम हलवली असती, तारीख बदलली असती.

कार्ड मी मारलं नाही. पण ‘तुम्ही बंद पाडलात’ हे ते लोक चुकीच्या कारणासाठी म्हणत होते, एवढंच.

व्हीसेंटर घटनांची नोंद ठेवतं, कोणी, कधी, कोणती खूण हिरवी केली, सगळं नावासकट. मूळ सेटिंगमध्ये तीस दिवस. त्या शनिवारी माझी नोंद तिथे होती आणि ईडीपी साहेबांकडे बघण्यापुरता लॉगिन होता. जुलैच्या मध्यात ती आपोआप पुसली गेली असणार. तोवर मी रोज एकदा तरी विचार केला की फोन करून सांगावं.

त्यानंतर ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, कायमची लायसन्स २०२३ च्या डिसेंबरात बंद झाली आणि कोअरवर मोजलेल्या सबस्क्रिप्शनचा आकडा ऐकून खरेदी समितीने प्रॉक्समॉक्स हा शब्द माझ्याआधी उच्चारला. काम परत मलाच दिलं, याचं मला आश्चर्य वाटतं.

गेल्या आठवड्यात ईडीपी साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, ‘तारीख या वेळी आम्ही ठरवतो. पाच तारखेला या, गाड्या कमी असतात. आणि सर्व्हेला याल तेव्हा मी शेजारी बसणार आहे, लाल-हिरवं काय असेल ते दोघं मिळून बघू.’

मी ‘हो साहेब’ म्हणालो.