आधी पोर वर्गात, मग दाखला

शाळांचे प्रवेश जूनमध्ये होतात. ज्यांना पर्यायी शाळेची, म्हणजे शाळेतून गळलेल्या मुलांसाठी चालवलेल्या शाळेची, खरी गरज असते ती मुलं मात्र जूनमध्ये येत नाहीत. ती दिवाळीनंतर येतात, सहामाहीत नापास झाल्यावर. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरतात, तेव्हा येतात. फेब्रुवारीत येतात, कारण नववीतल्या कच्च्या पोराच्या आईबापांना कुणीतरी हळूच सांगितलेलं असतं, ‘दाखला काढून घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा’, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसवा. शाळेला दहावीचा शंभर टक्के निकाल टिकवायचा असतो ना. आणि उन्हाळ्यात येतात त्या मुली, ज्यांची सोयरीक जमता जमता राहिलेली असते.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे प्रवेशाचं दार बारा महिने उघडं हवं. ‘पुढच्या जूनला या’ असं सांगितलेलं चौदा वर्षांचं पोर जूनपर्यंत कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपात, इचलकरंजीत मागावर किंवा हुपरीत चांदीच्या कामावर रुळलेलं असतं. हातात आठवड्याला पैसे यायला लागले की त्याला परत आणणं दसपट अवघड होतं.

पहिली भेट पाऊण तासाच्या वर नेऊ नये. टेबलाच्या पलीकडे बसू नये; शेजारी किंवा काटकोनात खुर्ची टाकावी. आई-वडील बहुतेक वेळा दारातच सुरू होतात, ‘वाया गेलंय हो हे, तुम्हीच बघा आता.’ त्यांना तिथंच नम्रपणे थांबवायचं आणि चहा देऊन दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर बाहेर बसवायचं. मुलाशी एकट्याने बोलायचं, पण दार उघडं ठेवून, बाहेरून दिसेल अशा जागी. मुलगी असेल तर बाईंनीच बोलावं.

‘शाळा का सोडलीस?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नये. त्याचं ठरलेलं उत्तर आधीच तयार असतं आणि ते बहुधा खोटं असतं, कारण खरं सांगितल्यावर मार बसल्याचा त्याला अनुभव असतो. त्याऐवजी ‘कालचा दिवस सांग, उठल्यापासून झोपेपर्यंत’ असं म्हणावं. या एका प्रश्नात जवळपास सगळं येतं. किती वाजता उठला, चहाबरोबर काही खाल्लं का, पाणी कोण भरतं, धाकट्याला कोण सांभाळतं, रात्रपाळी आहे का, बाप घरी असतो का, पिऊन येतो का. बहुतेक फॉर्मवर यातलं काहीच विचारलेलं नसतं, आणि वेळापत्रक मात्र यावरच ठरवावं लागतं.

बोलणं सुरू होण्याआधी एक वाक्य सांगून ठेवायचं असतं आणि ते बहुतेक जण विसरतात. ‘तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल तर मला मदत बोलवावी लागेल, आणि बोलवण्याआधी मी तुला सांगेन.’ पूर्ण गुप्ततेचं वचन कधीही देऊ नये. पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. आधी वचन देऊन नंतर ते मोडलं, तर त्या मुलाचा मोठ्यांवरचा शेवटचा विश्वासही जातो.

पालकांशी बोलणं दुसऱ्या दिवशी, वेगळं. तिथं खरा मुद्दा पैशाचा असतो आणि तो सरळ काढावा. पोराचा पगार बंद झाला तर घरात काय अडतं, हे विचारण्यात संकोच नको. आई किंवा बाप वारलेला असेल, एकटीनं घर चालवणारी बाई असेल, तर बालसंगोपन योजनेचा अर्ज त्याच आठवड्यात जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जायला हवा. महिना २,२५० रुपये ही रक्कम लहान वाटेल, पण ‘पोराला कामावर पाठवायलाच लागतंय’ हे वाक्य तिच्यामुळं मागं पडतं. सोळा-सतराचा मुलगा पूर्ण काम सोडणार नसेल तर मालकाला भेटावं आणि सकाळचे दोन-तीन तास मागून घ्यावेत. बरेच मालक देतात. मात्र फाउंड्रीच्या कामात तडजोड नाही: ते धोकादायक प्रक्रियांत मोडतं आणि १८ वर्षांखालच्या कुणालाही त्यावर ठेवता येत नाही. १४ च्या आतल्या मुलाला तर कुठल्याच कारखान्यात ठेवता येत नाही.

आता कागद. बसवून घेण्यासाठी लागतं ते इतकंच: वयाचा मिळेल तो पुरावा, घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांचे फोन, घराची खूण, चालू असलेली औषधं आणि पालकाची सही. बाकीचं मागाहून येऊ द्या. सहा ते चौदा वयोगटात वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला हेही कारण चालत नाही. शिक्षण हक्क कायद्याची १४ वं आणि ५ वं कलम यासाठीच आहेत. फी थकली म्हणून दाखला अडवला असेल तर तोंडी भांडत बसू नये. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं, तर तीच पोहोच जोडून प्राथमिकसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं. शिक्का मारलेली पोहोच हातात असली की दाखला निघतो. ती नसेल तर नुसत्या फेऱ्या होतात.

पण याच्या उलटी चूक जास्त नुकसान करते: घाईनं दाखला काढणं. पर्यायी शाळा मान्यताप्राप्त नसेल आणि मूल आठवीच्या आत असेल, तर जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरवर त्याचं नाव राहू द्यावं. दाखला निघाला की पोषण आहार, पुस्तकं, शिष्यवृत्ती सगळं सुटतं, यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, ते मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा नसलेल्यांच्या यादीत, जाऊन पडतं, आणि दुसऱ्या शाळेनं उचलून घेईपर्यंत सरकारी हिशेबात ते कुठंच नसतं. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून, त्यांच्याच पटावर ठेवून, आपल्याकडं विशेष प्रशिक्षण द्यावं. ते तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालू शकतं. मग वयानुसारच्या वर्गात बसवावं. यात एक बारकावा आहे. चौदा पूर्ण होण्याआधी या वाटेनं प्रवेश झाला, तर चौदा उलटल्यावरही आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क टिकतो. म्हणून साडेतेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दोन महिन्यांची दिरंगाई महागात पडते.

आधार, जन्मदाखला आणि जुन्या शाळेची नोंद हे तीन कागद पहिल्याच महिन्यात शेजारी ठेवून वाचावेत. नावातली वेलांटी, वडिलांचं नाव, जन्मतारीख. तीनपैकी दोन तरी जुळत नाहीत असंच बहुधा दिसतं. नाव पटावर असताना हे दुरुस्त होतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर चूक चढली की वर्षानुवर्षे हेलपाटे.

वाचनाची पातळी बघायची, पण पहिल्या दिवशी नाही. परीक्षेच्या भीतीनंच ते पोर शाळेतून गेलेलं असतं. आठवडाभर जाऊ द्यावा, मग एकट्याला बसवून अक्षर, शब्द, चार ओळींचा सोपा उतारा, त्याहून थोडी मोठी गोष्ट, या क्रमानं वाचायला द्यावं. गणितात दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी भागाकार, एवढं पुरतं. फळ्यावरचं मोत्यासारख्या अक्षरात उतरवणारी मुलं फसवतात. आठ वर्षं नुसतं उतरवूनच ती पुढं आलेली असतात, वाचता मात्र येत नसतं. न शिकवलेला उतारा द्यायचा आणि मधलीच ओळ वाचायला सांगायची, लगेच कळतं. त्याआधी डोळे तपासून घ्या. सहा मीटरवरचा तक्ता भिंतीला लावायला पैसे लागत नाहीत, आणि चष्मा नसल्यामुळं ‘ढ’ ठरलेली मुलं दर वर्षी सापडतात. अध्ययन अक्षमतेची शंका आली तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी लगेच नाव घालावं. प्रमाणपत्र हाती यायला महिने लागतात, आणि परीक्षेतल्या जादा वेळेची किंवा लेखनिकाची सवलत त्याच्याशिवाय मिळत नाही.

मग वाट ठरते. पंधराच्या पुढचं मूल, ज्याला वाचता येतं पण सहा विषय एकदम झेपणार नाहीत, त्याला एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी बरी. वयाची अट १४ पूर्ण, पाच विषय, मराठी माध्यम आहे, परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि नऊ वेळा बसता येतं. एकदा पास झालेला विषय पासच राहतो. गणित घ्यायलाच हवं असं नाही, आणि नेमकी इथंच चूक होते. गणित-विज्ञान सोडलं की पोरगं पास होतं खरं, पण पुढं आयटीआयचे बरेच ट्रेड बंद होतात, पॉलिटेक्निकही अवघड जातं, आणि कोल्हापूर पट्ट्यात मुलांना जायचं असतं ते बहुधा तिथंच. निवड करण्याआधी हे मुलाला कागदावर लिहून दाखवावं. वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड आठवी पासवरही मिळतात. सतरा वर्षांच्या मुलाला कधी कधी तीच जवळची वाट असते आणि ती कमी प्रतीची नाही. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे नियमित मुलांचीच बोर्डाची परीक्षा, फक्त शाळेविना. ज्याचा पाया शाबूत आहे पण शाळेत बसवत नाही, त्याला तो ठीक. त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. जानेवारीत आलेल्या मुलाला ‘याच वर्षी बसवतो’ असं सांगू नये.

काही वेळा नाही म्हणावं लागतं, किंवा आत्ता नको म्हणावं लागतं. जीव द्यायचं बोलणाऱ्या मुलाला आधी डॉक्टर हवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, पण नुसता नंबर देऊन मोकळं होऊ नये, सोबत जावं. ज्याला पालकच नाही, जे घरातून पळून आलंय, त्याला दयेपोटी शाळेच्या खोलीत ठेवून घेणं ही कोल्हापुरात हमखास होणारी चूक आहे. १९०१ पासून बोर्डिंगांची परंपरा असलेलं हे शहर, ‘राहू दे की चार दिवस’ सहज तोंडात येतं. पण असं मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर जायला हवं, आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणारी संस्था बाल न्याय कायद्याखाली नोंदलेलीच हवी. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा. समितीच्या आदेशानं तेच मूल दुसऱ्या दिवशी तुमच्या वर्गात बसू शकतं. त्याची हकिकत एका कागदावर, कुलपात, दोघांनाच माहीत. शिक्षकखोलीत चर्चेला आली की संध्याकाळपर्यंत वस्तीत पोचते.

तंबाखूचा मावा खाणाऱ्याला मात्र नाही म्हणू नये. पहिल्या दिवशी खिसे तपासणं, केस कापायला लावणं, गणवेशाची सक्ती, मोबाईल जप्त करणं, यातल्या कुठल्याही एका गोष्टीनं मूल तिसऱ्या दिवशी गायब होतं. वर्गात थुंकायचं नाही, इतरांना द्यायचा नाही, एवढ्यावर सुरुवात करावी. सोडवणं नंतरचं काम आहे.

पहिले सहा आठवडे हाच खरा प्रवेश. एका आठवड्यात दोन-तीनहून जास्त नवी मुलं घेऊ नयेत, आणि आधी मारामारी झालेले दोघं एका गटात नकोत. दिवसाला दोन तास पुरेत. तेरा वर्षांच्या मुलाला दुसरीच्या पुस्तकासह दुसरीच्या पोरांत बसवू नये. उतारा सोपा असावा, विषय त्याच्या वयाचा: मोटारीचं बिल, एसटीचं वेळापत्रक, पगाराची पावती. मुलींच्या बाबतीत येण्याजाण्याची गाडी आणि कडी लागणारं स्वच्छतागृह हे दोन प्रश्न अभ्यासाआधी सोडवावे लागतात. आडगावची मुलगी गळते ती शेवटच्या एसटीच्या वेळेमुळं. प्रत्येक मुलामागं एक ठरलेला मोठा माणूस हवा. मूल आलं नाही तर त्याच दिवशी अकराच्या आत फोन, दुसऱ्या दिवशी घरी. उंबऱ्यात उभं राहून ‘का आला नाहीस’ विचारायचं नाही, ‘उद्या किती वाजता येतोस’ एवढंच. तिसरा आठवडा सगळ्यात धोक्याचा. नवलाई संपलेली असते आणि वाचन अजून जमत नसतं. घरभेट त्या आठवड्यात ठरवूनच ठेवावी, गैरहजेरीची वाट बघू नये.

ऊसतोडीच्या टोळीतल्या मुलांचं वर्ष वेगळं. ती नोव्हेंबरात येतात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये जातात, तीही रातोरात. मुकादमाचा फोन आला की ट्रॅक्टर भरतो. म्हणून त्यांचे कागद फेब्रुवारीअखेर तयार पाहिजेत. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं), इथल्या हजेरीची नोंद, कुठल्या पातळीचा उतारा वाचता येतो, भागाकार कुठवर आला, आणि गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक फोन. हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोराच्या हाती नाही, आईच्या हाती द्यावं. पीठ-मिठाचं गाठोडं ती शेवटपर्यंत सोडत नाही, पिशवी त्यातच जाते.