कंसातला मंगळवार

कपाट आवरायला काढलं की काहीतरी सापडतं आणि आवरणं राहून जातं. आज आबांचा नकाशा सापडला. शहाद्याच्या उत्तरेकडचा, एक इंचाला एक मैल, कापडावर डकवलेला. कोपऱ्यात शीटचा नंबर, ४६ के/६.

आबा जंगल खात्यात होते. मे महिन्यात दाराला ओलं पोतं लावून ते नकाशा ओटीवर पसरायचे. तीन कोपऱ्यांवर अडकित्ता, चंची, चष्म्याचं घर. चौथ्यावर मी. खाली काळ्या रानात उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा इतक्या विरळ, की बोट चालत राहायचं आणि दुसरी रेषा यायचीच नाही. दोन रेषांत पन्नास फुटांचा चढ. वर सातपुडा लागला की त्याच रेषा गच्चीवर वाळत घातलेल्या शेवयांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या.

मला तोरणमाळ हवं असायचं. ते वरच्या शीटवर. पायवाट तुटक रेषेनं हिरव्यात शिरायची आणि चौकटीला धडकून संपायची.

"पुढचा नकाशा कुठंय?"

"ऑफिसात."

बरीच वर्षं तोरणमाळ माझ्यासाठी ऑफिसातच होतं. पुढे एसटीनं गेलो, यशवंत तलावाकाठी भजी खाल्ली. पायवाटेची आठवण परतताना झाली.

आजीला डोंगराचं कौतुक नव्हतं. "आपलं गाव कोठे शे यामां?" एवढंच. आबा बोट ठेवायचे. नावाशेजारी कंसात इंग्रजीत मंगळवार. आठवडे बाजाराचा वार! हे नकाशे काढणारी सर्व्हे ऑफ इंडिया म्हणजे १७६७ सालापासूनची कचेरी. टेकड्यांची उंची, राखीव जंगलाची हद्द, बारमाही विहिरी हे सगळं साहेबाला लागणारच. पण आमच्याकडे वांगी कोणत्या वारी मिळतात, हेही कुणीतरी पाराशी उभं राहून विचारून घेतलं होतं.

आजी फणकारली. बाजार रविवारचा झाल्याला किती वर्षं झाली! एरवी नकाशाला आमचं तेलकट बोट लागलं तरी ओरडणाऱ्या आबांनी मुकाट्यानं पेन्सिल घेतली, मंगळवारवर रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: रवि.

पेन्सिल आता पुसट झाली आहे. मंगळवार तसाच, छापील ना. घडी घालायला गेलो तर उलटी पडली. आठ घड्यांत नेमकी कोणती आधी, ते आबांनाच ठाऊक.

आज मंगळवारच आहे. भरताची वांगी आणायला हवीत.