तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी सात सीटर कोणती घेऊ?

लग्नात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, परवा तर दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आ वासून पडलो असतानाही हाच प्रश्न: "जुनी सात सीटर घ्यायचीय, कोणती घेऊ?" आमच्याकडे 2014ची पेट्रोल अर्टिगा आहे, सेकंड हँड घेतलेली. तेवढ्यावर मी जाणकार ठरलोय.

मी उलट विचारतो, मागे कोण बसणार? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. गाडी बघायला जातात ते स्टिअरिंगवर बसून येतात. इनोव्हाच्या मागच्या ओळीत मोठं माणूसही बसतं, म्हणून तर ती जुनी झाली तरी भाव सोडत नाही. बजेटमध्ये सापडलीच, तर बहुधा टॅक्सीत राबलेली.

अर्टिगा बघायला आम्ही आईलाच सोबत नेलं होतं. ती थेट तिसऱ्या ओळीत चढली, गुडघे पोटाशी घेऊन पाच मिनिटं बसली आणि म्हणाली, "कोल्हापूरपर्यंत नाही जमायचं. पोरांना बसवा इथे." झालं, ठरलं. आई-बाबा मध्ये, पोरं मागे. सगळ्या सीटा उघड्या ठेवल्या की या जुन्या मॉडेलची डिकी 135 लीटरची, म्हणजे दोन सॅक आणि खाऊची पिशवी. बाकी बोचकी टपावर, ताडपत्रीखाली.

त्याआधी एका डीलरकडची गाडी जवळजवळ घेतलीच होती. पन्नास हजारांनी स्वस्त, आरशासारखं पॉलिश. आमच्या मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडलंच नाही. मधल्या सीटचा बेल्ट धरून शेवटपर्यंत ओढला. आत गुंडाळलेल्या टोकाला मातीची तपकिरी रेघ. "पाण्यात बसलीय," एवढंच बोलले. मॅट उचलली तर कुबट वास. 2019च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे बुडालेल्या गाड्या टीव्हीवर पाहिल्या होत्या. तशातली एखादी पॉलिश होऊन आपल्यापुढे उभी राहील, हे डोक्यात आलं नव्हतं. मीटर 48 हजार किलोमीटर दाखवत होतं आणि ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत, म्हणजे मीटरही मागे फिरवलेलं असणार!

कागदांचं थोडक्यात. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या हव्यातच. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दंडाची थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात, ती बघा. दिल्लीत डिझेल गाड्यांवर दहा वर्षांची मर्यादा आली म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात येतात खऱ्या, पण तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओतले हेलपाटे मोजले की हातात फारसं काही उरत नाही. डिझेल मी रोज लांब पल्ला असणाऱ्यांनाच सुचवतो. आमची गाडी शनिवार-रविवारीच निघते.

थोरला यंदा माझ्या खांद्याला लागला. गणपतीला गावी जाताना मागे कोण बसणार, यावर घरात बोलणी सुरू आहेत.