‘चवथ जावंदी, मागीर पळोवया’

सहभागी मिळवण्याचं काम हाती आलं तेव्हा आईने शेजारी सांगून टाकलं की बाय सर्व्हेला जाते. मीही ते खोडून काढलं नाही. काम खरं म्हणजे एका विद्यापीठाच्या आरोग्य अभ्यासाचं होतं. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली तीस ते साठ वयाची माणसं हवी होती. मधुमेहाचं निदान झालेलं नको, गरोदर बाई नको. रिकाम्या पोटी रक्त, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि खाण्यापिण्याचे पाऊण तासाचे प्रश्न. सहा महिन्यांनी तेच सगळं पुन्हा. औषध काही द्यायचं नव्हतं. मला वाटलं, यात अवघड काय?

सुरुवातीला मी आकडा पुढे करायचे. २०२३ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) च्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं होतं, २६.४ टक्के. देशाचं ११.४. हे ऐकल्यावर लोक घाबरून तरी येतील असा माझा हिशेब. मयेत एका घरी ओट्यावर बसून हे सगळं नीट सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे चौघांत एकाला. आमच्याकडे सासूबाईंना आहे गोडेंमूत. आमचा कोटा झाला.”

आकडा त्या दिवसापासून पिशवीत गेला.

पंचायतीच्या फळ्यावर, रेशनच्या दुकानात, देवळाच्या मंडपात कागद लावले, त्यातून आलेले फोन हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यातला एक ‘नोकरी आहे का’ म्हणून. मग घरोघर फिरणं आलं. त्यात मी ऑगस्टमध्ये उतरले, ही माझी अक्कल. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर घराला रंग चाललेला, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान जमवायची धांदल, आणि मी दारात उभी राहून म्हणतेय की साखर तपासूया. नेवऱ्या (करंज्या) तळायच्या आधी कोणाला आपली साखर कळून घ्यायची असते? सगळीकडे एकच उत्तर, अगदी हसून, वर चहा देऊन: “चवथ जावंदी, मागीर पळोवया.” चवथ होऊ दे, मग बघू.

आमच्याकडे तोंडावर ‘नाही’ कोणी म्हणत नाही. ‘फाल्यां येतां’ म्हणतात. पहिल्या महिन्यात माझ्या वहीत ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्यांची दोन पानं भरली होती आणि मी ती तयार सहभागी म्हणून वर कळवलीसुद्धा. त्यातले किती आले ते सांगत नाही.

चवथ गेली आणि मग कळलं की अडचण सणाची कमी आणि कागदाची जास्त आहे. माहितीपत्रक नऊ पानांचं, इंग्रजीवरून केलेलं. आमच्या भागात बोलणं कोकणीत आणि वाचणं मराठीत. सकाळचा पेपर मराठी, देवळातली आरती मराठी, भांडण मात्र कोकणीतच. (यावरून वाद नको, जसं आहे तसं सांगते.) म्हणून पत्रक मराठीत होतं हे बरोबरच, पण ती मराठी कुणाची होती, देव जाणे. रात्री आईला वाचून दाखवलं: “सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून आपण कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकता.” आईने विचारलं, “माघार? इलेक्शन आहे काय?”

मला वाटलं, चार वाक्यं बदलून नवीन झेरॉक्स काढू. तसं चालत नाही. संमतीपत्रातला किंवा माहितीपत्रातला शब्द बदलायचा तरी नैतिकता समितीची मंजुरी लागते. खाली आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापावी लागते, आणि मंजुरी आली की जुन्या प्रती वापरातून काढायच्या. तेव्हा फार राग आला होता. पाच आठवडे गेले त्यात. पण आलेल्या कागदावर सरळ लिहिलेलं होतं: “मधेच नको वाटलं तर नको म्हणा. कारण सांगायची गरज नाही. तुमच्या दवाखान्यातल्या उपचारांवर त्याचा काही परिणाम होणार नाही.”

दरम्यान एका पंचाने मला मदत करायचं मनावर घेतलं. “बाय, तू कशाला ऊन खातेस? रविवारी देवळाच्या सभागृहात ये, माणसं मी आणतो.” मी गेले तर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वीस-पंचवीस माणसं बसलेली. कोणाच्या मांडीवर औषधांची पिशवी, कोणाच्या हातात एक्स-रे. एक बाई गुडघा धरून बसलेल्या. पंचांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या रात्री फिरवलं होतं: मोफत आरोग्य तपासणी शिबिर.

कॅम्प! हा शब्द मला पुढे वर्षभर पुरला. तालुक्यात कॅम्प सगळ्यांना माहीत. डोळ्यांचा कॅम्प, रक्तदाबाचा कॅम्प, निवडणूक जवळ आली की जरा जास्तच. तिथे डॉक्टर असतो, गोळ्या मिळतात, आपलं काहीतरी बरं होतं. मी जे मागत होते त्यात त्यांचं तसं काहीच बरं होणार नव्हतं. रिपोर्ट मिळणार होते, साखर जास्त निघाली तर आरोग्य केंद्रात चिठ्ठी देऊन पाठवणार होतो, आणि येण्याजाण्याचा ठरलेला खर्च. बाकी रक्त त्यांचं, आणि त्यातून जे कळेल ते पुढच्या कोणाच्या तरी उपयोगाचं.

मी उभी राहिले आणि हेच सांगितलं. हे शिबिर नाही, हा अभ्यास आहे, औषध मिळणार नाही, आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना घेता येणार नाही. क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग गुडघेवाल्या बाई म्हणाल्या, “म्हणजे बऱ्या माणसांना तपासणार आणि दुखणेकऱ्यांना घरी पाठवणार?”

याला उत्तर आहे. नवीन मधुमेह कोणाला आणि का होतो ते बघायचं तर आधी तो नसलेली माणसं लागतात. ते मी दिलंही. त्यांनी ऐकूनही घेतलं. पण त्या भर उन्हात घरून चालत आल्या होत्या, आणि माझं उत्तर कितीही बरोबर असलं तरी त्यांच्या गुडघ्याला त्याचा काही उपयोग नव्हता. अर्ध्याहून जास्त माणसं उठून गेली. पंच महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या कार्यालयात वरिष्ठांनी ऐकवलं की आलेल्या माणसांच्या सह्या आधी घ्यायच्या, समजावणं नंतरही होतं. मी काही फार धीट नाही, तिथे मान खाली घालून ऐकून घेतलं. पण तसं केलं मात्र नाही. प्रशिक्षणात दोन दिवस माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाच्या नीतीचा हेलसिंकीचा १९६४ चा जाहीरनामा आणि आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आमच्या डोक्यात घातली होती, आणि त्या सगळ्याचा अर्थ एवढाच की समजावणं आधी, सही नंतर.

त्या दिवशी मागे राहिले त्यातले बहुतेक शेवटपर्यंत टिकले. पंचांमुळे आलेले नव्हे, माझं ऐकून थांबलेले.

सहीवरून आणखी गंमती. एका घरात नवरा म्हणाला, “तिची सही मी करतो, आण.” बायको स्वयंपाकघराच्या दारात. मी म्हटलं, दादा, रक्त त्यांचं, तर सही त्यांचीच. ते नाराज झाले. वहिनी हात पुसत बाहेर आल्या, नऊची सहा झालेली पानं सगळी वाचली आणि म्हणाल्या, मला नको. मी आभार मानून उठले. कोपऱ्यावर पोचते तर मागून हाक: नवऱ्याला घेता येईल का, त्याचं पोट बघितलंस ना?

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो एका काकांनी. साठीला दोन वर्षं कमी, खाणी बंद झाल्यापासून ट्रक विकून बागायत करणारे. घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत; त्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार, आणि त्या हक्काची केस मामलेदाराकडे पडून. संमतीपत्र हातात घेऊन त्यांनी आधी मागची बाजू बघितली. “हें एक-चौदाचें न्हय मगे?” एक-चौदा म्हणजे आमच्याकडचा जमिनीचा उतारा, ज्याचं नाव त्यावर नाही त्याची झोप तिथेच अडकलेली असते. त्यांच्या वडिलांनी कधीतरी वाचायला न येता कशावर तरी अंगठा दिला होता. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी प्रत्येक पान मोठ्याने वाचलं, बोट ओळीखाली ठेवून. रक्त किती? एक चमचाभर. उरलं तर काय करणार? नाव कोण बघणार? रक्ताच्या आणि उत्तरांच्या कागदावर नाव नाही, क्रमांक असतो, हे त्यांना पटायला अर्धा तास लागला. मग सही, मग तारीख. त्यांची प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पेटीत ठेवली, बाकीच्या कागदांबरोबर.

रक्ताच्या सकाळी वेगळीच परीक्षा. आठ तास काही खायचं नाही, पाणी चालेल, हे आदल्या रात्री फोन करून सांगायचं. पण पोदेर, म्हणजे पाववाला, साडेसहाला भोंगा वाजवत दारात येतो, आणि गरम उंडो पाव नाकासमोर असताना कुठला नियम आठवतो? “खाल्लं काही नाही, चहाबरोबर अर्धाच खाल्ला,” हे मी इतक्यांदा ऐकलं की पुढे मी पोदेराच्या आधीच पोचायला लागले. रक्त झालं की नाक्यावरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव.

सहा महिन्यांनी दुसरी फेरी. काकांकडे गेले तर त्यांनी आधी पेटी उघडली, पिशवी काढली, चौथं पान शोधलं. “हांगा बरयलां, नाका जाल्यार नाका म्हण.” मी म्हटलं, हो. “तुझ्या नोकरीला काही होणार नाही मगे?” नाही काका. मग चष्मा काढून म्हणाले, “रगत दिवचों ना. पूण प्रश्न विचार, प्रश्नांची जापो दितां.”

मी फॉर्मवर ‘रक्त: नकार, मुलाखत: चालू’ असं लिहिलं. पाऊण तासाचे प्रश्न त्या दिवशी दोन तास चालले, कारण प्रत्येक उत्तरानंतर ते विचारत होते की हे कशाला हवं.