वह्या वाटल्या, पण वाचता येतंय का?

आमचा ग्रुप दर जूनमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर वह्या-दप्तरं वाटतो, आणि रिपोर्टमध्ये काय तर किती वह्या, किती दप्तरं आणि फोटो, बस्स. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका पाड्यावर परत गेले तर पाचवीतल्या एका मुलीने वही दाखवली, अक्षर अगदी मोत्यासारखं, सगळं फळ्यावरून उतरवलेलं, पण त्यातलीच एक ओळ वाच म्हटलं तर पहिल्या शब्दावर बोट ठेवून गप्पच बसली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांच्या मागे लागलेय की मोजायचं तर वाचन मोजा. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ सर्व्हे २००५ पासून हेच करतो, घरी जाऊन मुलांना अक्षरं, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या लेव्हलची गोष्ट वाचायला देतात. घरी का, तर शाळेत फक्त हजर मुलंच सापडतात. आणि आपल्याकडे कितीतरी घरं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे जातात, ती मुलं हजेरीपटावर असतात पण वर्गात नसतात, मग त्यांना सोडून काढलेला आकडा चांगलाच दिसणार ना!

शिवाय मूल वर्षभरात थोडंफार शिकतंच, ते आपल्यामुळेच शिकलं कशावरून? मुंबई-बडोद्यात बालसखी प्रोग्रॅम (मागे पडलेल्या मुलांना शिकवायला वस्तीतलीच एक तरुणी, ती बालसखी) तपासताना काही शाळांत तिसरीला आणि काहींत चौथीला बालसखी दिली, त्यामुळे तुलनेला बालसखी नसलेला तोच वर्ग दुसऱ्या शाळांत आपोआप मिळाला. आमच्याकडे पैसे सगळ्या पाड्यांना पुरत नाहीतच, मग चिठ्ठ्या टाकून निम्मे पाडे यंदा, बाकीचे पुढच्या वर्षी, आणि वाचन मात्र सगळीकडे आत्तापासूनच तपासायचं.