यादीतले सोळावे नाव

रविवार, 8 डिसेंबर 2024. रात्री साडेनऊ.

आज आमच्या 15 वर्षांखालील मुलींचा फुटबॉलचा सामना होता. खेळ शिकवणे हे प्रशिक्षकांचे काम. सामन्याच्या दिवसाची सगळी व्यवस्था, म्हणजे मैदान, वाहन, कागदपत्रे, पाणी, पंच आणि मुलांची ने-आण, ही चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. आजच्या दिवसात एक निर्णय असा घ्यावा लागला की तो लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

पहाटे साडेपाचला मैदानावर पोहोचलो. आमचे मैदान काळ्या मातीचे आहे आणि पाऊस थांबून दोन महिने झाले की त्याला भेगा पडू लागतात. त्यामुळे माझे पहिले काम ठरलेले असते: बॅटरी घेऊन एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत चालत जायचे आणि ज्या भेगेत बुटाचे टोक अडकू शकेल ती मुरूम टाकून धुम्मसाने ठोकून घ्यायची. रेषांसाठी पूर्वी आम्ही चुना वापरत होतो. गेल्या हंगामात तो आमच्या गोलरक्षक मुलीच्या डोळ्यात गेला, डोळा बराच वेळ पाण्याने धुवावा लागला, आणि तेव्हापासून मी मैदानावर चुना येऊ दिलेला नाही. आता रांगोळीच्या पांढऱ्या पुडीची फक्की मारतो. 9.15 मीटरवर गाठ मारलेली एक दोरी माझ्या पिशवीत कायम असते, कारण मध्यवर्तुळ आणि पेनल्टी क्षेत्रापुढची कमान ही दोन्ही त्याच मापाची आहेत. सात वाजेपर्यंत आखणी झाली आणि मी पंचांना द्यायची खेळाडूंची यादी भरायला बसलो.

या यादीशी माझे एक जुने दुखणे जोडलेले आहे. फुटबॉलच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे संघात किमान सात खेळाडू असले तर सामना सुरू होऊ शकतो आणि उशिरा पोहोचलेला खेळाडू नंतरही मैदानात उतरू शकतो; मात्र जिथे सगळी नावे आधी देण्याची अट आहे, तिथे त्याचे नाव सामना सुरू होण्यापूर्वीच यादीत लिहिलेले असावे लागते. हा नियम मला पाठ होता, आणि तरीही नोव्हेंबरमध्ये मुलांच्या सामन्याला मी समोर हजर असलेल्यांचीच नावे लिहिली. आदल्या संध्याकाळी मी सामन्याची वेळ आणि गाडीचा रस्ता बदलला होता आणि त्याचा निरोप केवळ मोबाइलवर पाठवला होता. एका मुलाच्या घरी एकच मोबाइल आहे, तो वडिलांजवळ असतो, आणि वडील त्या रात्री वावरात जागलीला होते. मुलगा साडेसहापासून फाट्यावर उभा राहिला. शेवटी स्वतःच्या पैशांनी काळी-पिवळी जीपमध्ये बसून तो मध्यंतरापर्यंत पोहोचला, आणि त्याचे नाव यादीत नव्हते. पंचांनी नकार दिला तो योग्यच होता. "मले वाटलं गाडी पुढून निंघून गेली असंन, सर," एवढेच तो म्हणाला आणि उरलेला वेळ बाहेर गेलेले चेंडू आणून देत राहिला. तो चिडला असता तर मला ते सोसायला सोपे गेले असते.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. वेळ बदलली तर ज्या घरातून उलट उत्तर येत नाही, त्या घरी मी स्वतः मोटारसायकलने जातो. आणि न आलेल्या मुलाचे नावही यादीत लिहितो.

आज या दुसऱ्या गोष्टीचीच कसोटी लागली. आमच्या स्पर्धेत सोळा नावांची मर्यादा आहे. मैदानावर सोळा मुली हजर होत्या आणि सतरावी, आमची डाव्या बाजूची बचावपटू, यायची होती. ती त्याच फाट्यावरच्या गावची, आणि काल मी स्वतः तिच्या घरी जाऊन वेळ सांगून आलो होतो. प्रशिक्षकांचे मत स्पष्ट होते की जी आली आहे तिला जागा मिळाली पाहिजे. मी सोळावे नाव न आलेल्या मुलीचे लिहिले. ज्या मुलीचे नाव त्यामुळे राहिले, ती पहाटे चार किलोमीटर सायकल चालवत आली होती. तिला मी बाजूला घेऊन कारण सांगितले. तिने मान हलवली, पण तिला ते पटले असे मला वाटत नाही आणि ते पटावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नाही.

पंचांच्या तपासणीला नेहमीसारखा वेळ लागला. चौथ्या नियमाप्रमाणे अंगावर कोणताही दागिना चालत नाही आणि त्यावर चिकटपट्टी लावून खेळण्याचीही परवानगी नाही. आमच्या मुलींच्या कानात बाळ्या असतात आणि एखादीच्या गळ्यात आजीने बांधलेला ताईत असतो. हा ताईत काढायला लावणे मला सर्वांत अवघड वाटते, कारण तो आजारपणातून उठलेल्या लेकरासाठी बांधलेला असतो. म्हणून मी एक स्टीलचा डबा ठेवला आहे. प्रत्येकीची वस्तू तिच्या नावाच्या पुडीत ठेवतो आणि सामना संपताच सर्वांत आधी ताईत परत देतो. गेल्या वर्षी एक आजी हंगामाच्या सुरुवातीलाच तो डबा बघायला आल्या होत्या. त्यांनी तो उघडून पाहिला, आतून पुसला आणि मगच नातीला खेळायला पाठवले.

सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. जिचे नाव सोळावे लिहिले होते ती मुलगी आली नाही.

दुपारी सगळ्यांना घरी पोहोचवून चार वाजता मी तिच्या गावी गेलो. अंगणात कापसाचे गाठोडे काट्याला लावलेले होते आणि ती आईबरोबर तोल बघत होती. सीतादही, म्हणजे कापूस वेचायला लागण्याआधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाल्यापासून या भागात माणूस मिळणे कठीण झाले आहे. घरचा कापूस झाडावर लोंबू लागला की सुटीच्या दिवशी घरातले प्रत्येक माणूस वावरात हवे असते. आई म्हणाल्या, "पोरगी सकाळी बूट घालूनच बसली होती, सर. पण मजूरच नाही मिळून रायले, मग मीच म्हटलं चाल. तुम्ही बाजाराच्या दिवशी ठेवा न जी सामना, त्या दिवशी वावरात कोणीच जात नाई."

मुलीने सामन्याचा निकाल विचारला नाही. "माझं नाव होतं का यादीत?" असे तिने विचारले. फाट्यावर उभा राहिलेला मुलगा तिच्याच गल्लीतला आहे. मी होते म्हणून सांगितले. तिच्यामुळे कोणाचे नाव राहिले हे मी सांगितले नाही. ते आता मला चुकीचे वाटते आहे, कारण बुधवारी दोघी शेजारी उभ्या राहून सराव करणार आहेत.

चार वर्षे मी रविवार हा मुलांच्या सुटीचा दिवस धरून वेळापत्रक आखत आलो. ज्या गावांत आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी हातात येते आणि त्याच दिवशी वावर बंद असते, तिथे वेचणीच्या हंगामात रविवार हा कामाचाच दिवस आहे, ही गोष्ट मला त्या माउलीने एका वाक्यात दाखवली. तिच्या गावाचा बाजार बुधवारी असतो. बुधवारी शाळा असते, आणि साडेपाचनंतर चेंडू दिसेनासा होतो; म्हणजे मुलींना शेवटचा तास सोडून चारपर्यंत मैदानावर आणले तरच 25-25 मिनिटांचे दोन डाव उजेडात पूर्ण होतील.

उद्या सकाळी आधी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटायचे आहे. त्यानंतर पुढच्या सामन्यातल्या संघाच्या प्रशिक्षकांना फोन करून 18 तारखेचा बुधवार चालेल का ते विचारायचे. येताना सायकलवरून आलेल्या मुलीच्या घरी थांबायचे, आणि पुढच्या यादीत पहिले नाव तिचे लिहिणार आहे हे तिच्या वडिलांसमोर सांगायचे.